दोन अंतरे : प्राणिसंग्रहालयातील प्रेक्षकाविषयी काही विचार

नाटक, चित्र, नृत्य, कीर्तन, बोलपट इत्यादी ज्या ज्या गोष्टी माणसे जमून पाहतात, त्यांची मीमांसा आपल्याकडील टीकाकारांनी आजवर मनःपूर्वक केली आहे. परंतु ज्या एका प्रेक्षणस्थळी सुशिक्षित कुटुंबातील मुलास अक्षरओळख होण्यापूर्वीच नेले जाते, जेथे आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांचे मन एकाच वेळी रमेल अशी अपेक्षा असते, आणि जेथे जाण्यास कर्मठ व आधुनिक या दोघांचीही हरकत नसते, त्या प्राणिसंग्रहालयाकडे टीकेची दृष्टी क्वचितच वळते. प्राणिशास्त्रज्ञ तेथील जातींचा विचार करतात, नगरपालिका तेथील जमाखर्चाचा विचार करते, भूतदयावादी तेथील हालांचा विचार करतात. प्रेक्षकाचा विचार मात्र बहुधा राहूनच जातो. वास्तविक टीकाशास्त्राचा मूळ प्रश्न प्रेक्षकाचाच आहे. समोर जे आहे ते पाहून पाहणाऱ्याच्या ठायी काय घडते, आणि जे घडते ते घडण्याजोगे आहे काय, हेच टीकाकाराने विचारावयाचे असते. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न पिंजऱ्यापुढे उभ्या असलेल्या, अथवा सफारीच्या मोटारीत बसलेल्या, कुटुंबाविषयी विचारण्याचा उद्देश आहे. प्राणिसंग्रहालये असावीत की नसावीत, या वादात मी येथे शिरणार नाही. ती आहेत, आणि आपण तेथे जातो, इतके गृहीत धरूनच पुढील विवेचन केले आहे.

प्रारंभी सौंदर्यशास्त्रातील एका सुपरिचित कल्पनेचे स्मरण केले पाहिजे. १९१२ साली एडवर्ड बुलो या केंब्रिज येथील पंडिताने 'मानसिक अंतरा'चा सिद्धान्त मांडला. त्याचा दृष्टान्त समुद्रावरील धुक्याचा आहे. जहाज दाट धुक्यात सापडले म्हणजे उतारूंच्या मनात भीती दाटते, कान लांबच्या भोंग्यांकडे लागतात, कपाळाला आठ्या पडतात. परंतु त्याच धुक्याकडे जर कोणी आपली चिंता क्षणभर बाजूस सारून पाहिले, तर दुधासारख्या त्या पडद्याचे, हवेतील विलक्षण स्तब्धतेचे, जगापासून तुटल्याच्या त्या जाणिवेचे सौंदर्य त्यास प्रतीत होते. वस्तू तीच, पाहणाऱ्याने आपल्या व्यावहारिक हेतूपासून तिला दूर सारले, एवढाच फरक. आपल्या रसशास्त्रातील साधारणीकरणाचा विचार याहून फार निराळा नाही. भयानक रसाचा स्थायीभाव भय हा खरा. परंतु प्रेक्षक जर खरोखरच भिऊन पळत सुटला तर रसनिष्पत्ती कोठली? भयाला 'माझे' हा जो चिकटलेला भाग असतो तो गळून पडला म्हणजेच त्याचा रस होतो.

यावर कोणी चटकन असे म्हणेल की, मग वाघाचा पिंजरा ही भयानक रसाची आदर्श रंगभूमीच झाली! वाघ खरा, त्याची डरकाळी खरी, आणि मध्ये गज असल्यामुळे जिवाला धोका नाही. यापरते अंतर ते कोणते? परंतु अनुभव याच्या उलट आहे. पिंजऱ्यापुढे जमलेल्या मंडळींच्या मुद्रा पाहाव्यात. त्यांवर भय नसते, रसमग्नताही नसते. थोडे कुतूहल असते, ते पहिल्या मिनिटातच ओसरते, आणि मग पुढच्या पिंजऱ्याची घाई सुरू होते. याचे कारण बुलोच्या दृष्टान्तातच आहे. धुक्यातील धोका नाहीसा झालेला नसतो. तो कायम असूनही मन त्याच्या वर उठते. पिंजऱ्याचा गज धोका काढून घेतो, आणि त्याबरोबर मनाचे कामही काढून घेतो. सुरक्षितपणा आणि अंतर या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. सुरक्षितपणा लोहार देऊ शकतो. अंतर ज्याचे त्याने आपल्या चित्तात निर्माण करावयाचे असते.

या दृष्टीने पाहिले असता प्राणिसंग्रहालयांच्या रचनेचा दोनशे वर्षांचा इतिहास मोठा उद्बोधक ठरतो. लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाने रीजंट्स पार्कमधील आपली बाग १८२८ साली उघडली ती सभासदांकरिता. सर्वसामान्य जनतेस तेथे प्रवेश मिळाला तो १८४७ साली. मुंबईची राणीची बाग १८६२ सालची. ती प्रथम वनस्पतींची बाग होती, प्राणी मागाहून आले. त्या काळचा पिंजरा म्हणजे उघडउघड पिंजरा असे. जाड गज, फरसबंदी जमीन, पाण्याचे कुंड, आणि आत एक प्राणी. तो कुरूप होता, निर्दय होता. परंतु तो काही लपवीत नव्हता. पाहणारा बाहेर आहे आणि पशू कोंडलेला आहे, ही गोष्ट पाच वर्षांच्या पोरालाही कोणी सांगावी लागत नसे.

पुढे हांबुर्गजवळील श्टेलिंगेन येथे कार्ल हागेनबेक या जर्मन व्यापाऱ्याने १९०७ साली नव्या तऱ्हेची बाग उघडली. त्याने गज काढून टाकले आणि त्यांच्या जागी खंदक खणले. कोणता पशू किती लांब उडी मारतो याचा अदमास घेऊन खंदकांची रुंदी ठरविली, कृत्रिम खडक उभारले, आणि एकापाठीमागे एक चढत जाणाऱ्या चौथऱ्यांवर पक्षी, हरणे, सिंह व पहाडी बकरे यांची अशी मांडणी केली की, प्रेक्षकास ते सारे एकाच दृश्यात, एकाच अरण्यात मोकळे वावरत असल्यासारखे दिसावे. ही रचना नाटकाच्या नेपथ्याची आहे हे सांगावयास नकोच. खंदक प्रेक्षकाच्या नजरेआड राहील अशी योजना करणे, हेच त्यातील मुख्य कौशल्य होते.

तिसरा टप्पा मोटारीचा. इंग्लंडमधील लाँगलीट येथे बाथच्या उमरावाच्या वाड्याभोवतालच्या विस्तीर्ण आवारात १९६६ साली सिंह सोडण्यात आले, आणि लोकांनी आपापल्या मोटारीच्या काचा वर करून त्यांच्यामधून जावे अशी व्यवस्था झाली. आफ्रिकेबाहेरील अशा प्रकारचे ते पहिलेच उद्यान. यात उमरावाचा भागीदार जिमी चिपरफील्ड हा सर्कशीच्या घराण्यातला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आता तर माणसाच्या आणि सिंहाच्या मध्ये खंदकही उरला नाही, केवळ काच उरली. आमच्याकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाळी लावलेल्या गाडीतून सिंह व वाघ पाहण्याची सोय आहे. नागपूरजवळ गोरेवाडा येथे २०२१ साली अशीच सफारी सुरू झाली. मूळ 'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतला, आणि त्याचे मूळ अरबी 'सफर' या शब्दात आहे. म्हणजे आपल्या मराठीतील 'सफर' आणि ही 'सफारी' या सख्ख्या बहिणी होत. परंतु सफरीत मनुष्य घर सोडून दूर जातो, त्याला वाट चुकण्याची, थकण्याची, काहीच न मिळता परत येण्याची तयारी ठेवावी लागते. सफारीत तो आपल्या बैठकीवरून उठतसुद्धा नाही.

गज, खंदक, काच व मोटार या चार पायऱ्यांकडे एकत्र पाहिले म्हणजे त्यांतील एकच सूत्र ध्यानात येते. प्रत्येक पायरीवर माणूस पशूच्या अधिक जवळ आणला गेला आहे, आणि प्रत्येक पायरीवर अडसर अधिक अदृश्य करण्यात आला आहे. सफारीचे समर्थक असे म्हणतात की, येथे पशू मोकळा आणि माणूसच पिंजऱ्यात! हे वाक्य ऐकावयास चटकदार आहे, पण खरे नाही. माणसाचा पिंजरा चाकांवर चालतो आणि संध्याकाळी घरी जातो. सिंहाचे कुंपण जागच्या जागी राहते. कुंपण दूर नेले आणि झाडीत लपविले, म्हणून ते कुंपण नाही असे होत नाही.

आता या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. हाइनी हेडिगर हा स्विस प्राणिशास्त्रज्ञ बर्न, बाझेल व झूरिच येथील प्राणिसंग्रहालयांचा क्रमाने संचालक होता. १९४२ साली त्याने बंदिवासातील वन्य पशूंविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने एका निराळ्याच अंतराचे विवेचन केले आहे. प्रत्येक वन्य पशू माणसाला काही एका मर्यादेपर्यंत जवळ येऊ देतो. ती मर्यादा ओलांडली की तो पळतो. या मर्यादेला मराठीत 'पलायनांतर' म्हणता येईल. पळण्यास वाट नसेल आणि माणूस त्याहूनही जवळ आला, तर पशू उलटतो. हे अंतर जातीजातीस निराळे, आणि एकाच जातीत परिस्थितीप्रमाणे कमीअधिक असते. परंतु पशूच्या जीवनात त्याचे महत्त्व अन्नपाण्याइतकेच आहे. ज्या पशूला हे अंतर राखता येत नाही तो जणू सतत पळण्याच्या पवित्र्यात उभा असतो, आणि पळू मात्र शकत नाही. म्हणून पशूस नुसते कोंडून ठेवणे पुरेसे नाही. माणसाच्या सान्निध्याची त्याची भीती कमी करणे आणि त्याला दृष्टिआड होण्यास जागा देणे हे पालकाचे पहिले कर्तव्य, असा हेडिगरच्या विचाराचा रोख आहे.

एका बाजूस बुलोचे अंतर आहे, दुसऱ्या बाजूस हेडिगरचे. पहिले प्रेक्षकाचे, दुसरे पशूचे. पहिले राखले नाही तर पाहणाऱ्याला सौंदर्य दिसत नाही. दुसरे राखले नाही तर पशूला पशू म्हणून जगता येत नाही. आणि या दोहोंचा संबंध असा की, ज्याचे दुसरे अंतर आपण हिरावून घेतले, तो प्राणी मग आपल्याला दिसूच शकत नाही. दिसते ते त्याचे कातडे. येरझारा घालणारा वाघ अथवा मान हलवीत राहणारे अस्वल हे पाहून लोक म्हणतात, "काय ऐटीत चालतो आहे!" किंवा "नाचतो आहे बघ!" वास्तविक ती ऐट नाही आणि तो नाचही नाही. ऑक्सफर्ड येथील क्लब व मेसन या दोन संशोधिकांनी २००३ साली 'नेचर' या नियतकालिकात असे दाखवून दिले की, निसर्गात ज्या मांसाहारी पशूंचा संचार विस्तीर्ण प्रदेशावर असतो, त्यांच्यातच बंदिवासात या निरर्थक येरझारा अधिक आढळतात. ध्रुवीय अस्वलास मिळणारी जागा त्याच्या किमान संचारक्षेत्राच्या सुमारे दहा लाखांश भरते, हा त्यांचा हिशेब आहे. तेव्हा आपण कौतुकाने पाहतो ती चाल म्हणजे त्या नाहीशा झालेल्या मैलांचा अवशेष आहे.

येथे नाटकाशी तुलना करणे उपयुक्त होईल. रंगभूमीवरील नट दुष्यन्ताची भूमिका करतो. त्याला आपण दुष्यन्त नाही हे ठाऊक असते, प्रेक्षकांनाही ठाऊक असते, आणि या उभयपक्षी मान्य असलेल्या करारावर सारी रसनिष्पत्ती उभी असते. पडदा पडला की नट रंग पुसून घरी जातो. पिंजऱ्यातील वाघाला मात्र वाघाचीच भूमिका करावी लागते. ती करण्याचे त्याने कबूल केलेले नसते. आणि त्या नाटकाला शेवटचा अंक नसतो. तो झोपला तर प्रेक्षक नाराज होतात, टाळ्या वाजवितात, काचेवर बोटे आपटतात. सिंह हा निसर्गातसुद्धा दिवसाचे सोळा ते वीस तास निजून किंवा पडून काढतो. म्हणजे झोपलेला सिंह हाच बहुतांशी खरा सिंह होय. आणि नेमका तोच पाहावयास मिळाला म्हणजे कुटुंबाला आपले पैसे फुकट गेले असे वाटते!

साहित्यिकांनी या प्रसंगाकडे कसे पाहिले, हेही तपासण्याजोगे आहे. पॅरिसच्या जार्दां दे प्लांत या उद्यानातील पिंजऱ्यातील एका बिबळ्यावर रिल्के या जर्मन कवीने लिहिलेली बारा ओळींची कविता १९०७ च्या 'नव्या कविता' या त्याच्या संग्रहात आहे. तिची कीर्ती जगभर आहे. परंतु तिच्या ज्या विशेषाकडे मला येथे लक्ष वेधावयाचे आहे, तो असा की, तिच्यात पाहणारा कोठेच नाही. 'मी' हा शब्द नाही, कवीची दया नाही, उद्गार नाहीत. जग जे काही आहे ते पशूच्या बाजूने, गजांच्या आतून आहे. वाचकाला त्या पशूची कीव करण्याचीसुद्धा सवलत मिळत नाही, कारण कीव करावयासही मनुष्य बाहेर उभा असावा लागतो. कवीने स्वतःला इतके दूर सारले म्हणूनच तो इतका जवळ जाऊ शकला. बुलोच्या अंतराचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच्या अगदी उलट वाटेने डेव्हिड गार्नेट हा इंग्रज कादंबरीकार गेला. त्याच्या १९२४ सालच्या लहानशा कादंबरीत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिरताना नायकाचे प्रेयसीशी भांडण होते. त्या भांडणाच्या भरात तिने टाकलेला टोमणा मनावर घेऊन तो मंडळाकडे अर्ज करतो की, मनुष्य या प्राण्याचा नमुना म्हणून मला येथे ठेवावे. अर्ज मंजूर होतो, आणि वानरांच्या इमारतीत ओरांगउटान व चिंपांझी यांच्या मधल्या पिंजऱ्यात त्याची स्थापना होते. गर्दी लोटते. कल्पना विनोदी आहे, आणि लेखकाने ती गंभीर मुद्रेने चालविली आहे. परंतु कादंबरीचे मर्म माझ्या मते तिच्या गृहीतातच आहे. या माणसाने अर्ज केला आहे. त्याला नाव आहे, त्याच्याजवळ पुस्तके आहेत, त्याला भेटावयास ज्या स्त्रीवर त्याचे प्रेम आहे ती येऊ शकते. शेजारच्या दोन पिंजऱ्यांतील प्राण्यांनी असा अर्ज केलेला नव्हता. गार्नेट हे कोठेही बोलून दाखवीत नाही. दोन पिंजरे शेजारी शेजारी ठेवतो, आणि वाचकावर सोपवितो.

कै. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली, तिच्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. त्या वादांत येथे शिरण्याचे कारण नाही. तथापि, स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या अवस्थेत शिरणे, हे जे वाङ्मयीन आनंदाचे लक्षण त्यांनी सांगितले, ते प्रस्तुत विषयाला फार चपखल लागू पडते. पशूकडे पाहताना माणसाने नेमके हेच करावयाचे असते. मी वाघ नाही हे भान सुटता कामा नये. सुटले की आपण त्याच्या तोंडी माणसाच्या भावना घालू लागतो. आणि तरीही वाघ असणे म्हणजे काय, याकडे मनाने एक पाऊल टाकावयास हवे. ते न टाकले तर वाघ ही केवळ एक पट्ट्यापट्ट्यांची वस्तू राहते. रिल्केने हे साधले. आमची कुटुंबे रविवारच्या चार तासांत चाळीस पिंजरे उरकतात, तेव्हा त्यांना ते कसे साधावे?

कुटुंबाच्या या भेटीचे व्याकरण पाहिले तर तिच्यात 'पाहणे' या क्रियापदाऐवजी 'दाखविणे' या प्रयोजक क्रियापदाचे राज्य असते. "मुलांना हत्ती दाखवून आणला," असे आपण म्हणतो. वडील बोट करतात, आई मुलाची हनुवटी त्या दिशेस वळविते, मूल दुसरीकडेच पाहत असते. पुष्कळदा मूल जेथे पाहत असते तेथेच खरी गोष्ट घडत असते. "तो सारखा तिकडून इकडे, इकडून तिकडे का जातो?" हा प्रश्न मुले विचारतात, मोठी माणसे तो विचारीत नाहीत. आणि त्याला उत्तर काय मिळते? "व्यायाम करतो आहे," किंवा "तुला भेटायला येतो आहे," किंवा "चल, पुढे जिराफ आहे." मुलाच्या मनात दुसऱ्या जिवाविषयी पहिली शंका जन्मास आली होती, ती तेथल्या तेथे थोपविली गेली. शिक्षणाच्या नावाने आपण मुलांस तेथे नेतो, आणि शिक्षणाचा जो एकमेव क्षण आपोआप चालून येतो तो आपणच दवडतो.

जी माहिती म्हणून दिली जाते तीसुद्धा बहुधा आपल्या पूर्वग्रहांची पुनरुक्ती असते. राणीच्या बागेत २०१६ साली हंबोल्ट जातीचे पेंग्विन आणले गेले, आणि पुढील वर्षापासून ते लोकांस काचेआड पाहावयास मिळू लागले. हे पक्षी पाहून येणाऱ्या मुलास विचारावे की, हे राहतात कोठे. ते बहुधा "बर्फात" असेच सांगेल. वास्तविक हंबोल्ट पेंग्विन हा पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावरचा पक्षी. तो किनारा पुष्कळसा वाळवंटी आहे. समुद्र थंड आहे, पण भूमीवर हिमाचे नाव नाही. पक्षी प्रत्यक्ष समोर असतानाही आपण चित्रातलाच पाहिला, याला काय म्हणावे?

बोरिवलीची गोष्ट याहूनही मार्मिक आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे ते अरण्य मुंबईसारख्या महानगराच्या कुशीत टिकून आहे, हेच मुळी आश्चर्य होय. त्या अरण्यात बिबटे मोकळे राहतात. आपले पलायनांतर सांभाळून, रात्री हिंडून, दिवसा दडून ते लक्षावधी माणसांच्या शेजारी जगतात. पण कुटुंब ज्या गाडीत बसते ती कुंपणातला सिंह पाहण्याकरिता. सिंहाचा त्या अरण्याशी काही संबंध नाही. आशियाई सिंहाचे घर आज गुजरातेतील गीर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. म्हणजे ज्याचे ते घर आहे तो दिसत नाही म्हणून त्याला किंमत नाही, आणि ज्याचे ते घर नाही तो दिसतो म्हणून त्याच्याकरिता तिकीट! जे दिसत नाही त्याविषयी आदर बाळगण्याची कला आपल्या लोकांस अपरिचित होती असे मात्र नाही. त्याच परिसरातील वारली पाड्यांत वाघोबाची ठाणी आहेत. त्यांच्यापुढे डोके टेकणाऱ्याला वाघ जवळून पाहण्याची हौस नसते. त्याने आपल्या वाटेने जावे, आम्ही आमच्या वाटेने जाऊ, असा तो समजुतीचा व्यवहार आहे. बुलो व हेडिगर यांची नावे न ऐकताही दोन्ही अंतरे तेथे राखलेली आहेत.

आपल्या घरोघर सांगितली जाणारी भोपळ्यातील म्हातारीची कथाही या संदर्भात आठवते. बंद वाहनात बसून वाघाच्या रानातून सुखरूप जाण्याचा तो मराठीतील आद्य प्रयोग म्हणावयास हरकत नाही! परंतु त्या कथेतील म्हातारी वाघाशी बोलते, त्याला वचन देते, आणि ते चुकविण्याकरिता तिला भोपळ्यात बसावे लागते. वाघाचा तिच्यावर काही हक्क आहे, निदान तसा त्याचा दावा आहे, हे कथा नाकारीत नाही. ऐकणाऱ्या मुलाचे काळीज धडधडते ते म्हणूनच. सफारीच्या मोटारीतील मंडळींचे वाघाशी काही देणेघेणे नसते. त्यांनी पैसे फाटकावर दिलेले असतात, आणि वाघ दिसणे हा त्यांचा हक्क झालेला असतो.

येथपर्यंतच्या विवेचनावर कोणी म्हणेल की, पशूंकडे कसे पाहावे हा इतका गंभीर प्रश्न करण्याचे कारण काय? रविवारची करमणूक ती. तिला रसशास्त्राच्या ताजव्यात कशास घालावे? याला उत्तर असे की, दृष्टी ही सवय आहे, आणि सवयीला पिंजऱ्यापाशी थांबता येत नाही. ज्या हागेनबेकने खंदकांची बाग काढली, त्यानेच त्याआधी गेल्या नव्हे त्याच्या मागच्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर युरोपातील लॅप लोकांची कुटुंबे त्यांच्या रेनडिअरांसह आणून जर्मन प्रेक्षकांपुढे मांडली होती, आणि पुढे इतर देशांतील माणसेही. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथील प्राणिसंग्रहालयात १९०६ साली ओटा बेंगा हा काँगोतील तरुण वानरांच्या इमारतीत लोकांस दाखविण्यात आला. हे सारे युरोप-अमेरिकेत घडले म्हणून आपण समाधान मानण्याचे कारण नाही. अंदमानात जारवा लोकांच्या अरण्यातून जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींच्या तांड्यांतून जाणारे पर्यटक त्यांच्यापुढे खाण्याचे जिन्नस टाकतात, आणि त्या बदल्यात त्यांना नाचावयास लावले जाते, हे दाखविणाऱ्या चित्रफिती २०१२ साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या प्रकाराला 'मानवी सफारी' असे नाव दिले. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयासही त्यात लक्ष घालावे लागले. त्या मोटारींत बसलेली माणसे कोणी राक्षस नव्हती. ती सुशिक्षित, कुटुंबवत्सल, मुलाबाळांसह सुटीवर निघालेली माणसे होती. काच वर करून समोरच्या जिवाकडे पाहणे, त्याने काहीतरी करून दाखवावे अशी अपेक्षा धरणे, आणि खाऊ टाकला की आपण उपकार केला असे मानणे, हे सारे ती कोठे तरी शिकली असली पाहिजेत.

प्राणिसंग्रहालयांच्या बाजूने जे बोलता येते ते मी विसरलो नाही. निसर्गातून नाहीसा झालेला अरबी ओरिक्स हा मृग प्राणिसंग्रहालयांतील पैदाशीमुळेच १९८२ साली ओमानच्या वाळवंटात परत जाऊ शकला. प्रझेवाल्स्कीचा रानटी घोडा १९९२ साली मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात परतला तोही असाच. आपल्याकडे १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाल्यापासून पिंजऱ्यांचे आकार, पशूंचे खाणेपिणे, उपचार यांना काही नियम लागले, आणि प्राण्यांस चिडविणे हा कायद्याने गुन्हा ठरला. शिवाय शहरातील दोन खोल्यांत वाढणाऱ्या मुलाला जिवंत हत्तीचा वास, त्याच्या कातडीवरच्या सुरकुत्या, त्याच्या कानांची संथ हालचाल अनुभवण्यास दुसरी जागा कोणती? चित्रफितीत हत्ती दिसतो, पण त्याचे वजन जाणवत नाही. ही गोष्ट लहान नाही, आणि थोड्या पैशांत ती सर्वांस मिळावी हेही योग्यच आहे. तथापि ओरिक्सची पैदास हे संस्थेचे पुण्य. ते फाटकावर तिकीट काढणाऱ्याच्या खाती आपोआप जमा होत नाही. त्याने कसे पाहिले याचा हिशेब त्याचा त्यानेच द्यावयाचा.

मग कुटुंबाने काय करावे? चांगल्या टीकाकाराने चांगल्या कवितेपुढे जे करावयाचे असते तेच. थोडे पाहावे, आणि पुन्हा पाहावे. चाळीस पिंजरे उरकण्याऐवजी एका ठिकाणी अर्धा तास उभे राहावे. मुलाने बोट करावे आणि मोठ्यांनी तिकडे पाहावे, असा क्रम एकदा उलटा करून बघावा. "तो असा का करतो?" असे मुलाने विचारले तर खरे उत्तर द्यावे, ते खिन्न करणारे असेल तर तसेच द्यावे, कारण मुलांना खिन्नता सोसते, फसवणूक सोसत नाही. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे, आणि घरी येऊन दोघांनी मिळून पुस्तकात शोधावे. हा प्राणी आज येथे आहे, पण त्याचे घर कोठे आहे, ते घर अजून शिल्लक आहे काय, इतके दोन प्रश्न जरी मनात घेऊन परतता आले तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले. छायाचित्र शेवटी काढावे, किंवा न काढावे. आणि पशू दिसला नाही, झाडीच्या पलीकडे अथवा गुहेत जाऊन बसला, तर काचेवर बोटे न आपटता मुलास असे सांगावे की, आज त्याला आपल्याला भेटावयाचे नाही.

हे शेवटचे वाक्य उच्चारणे आपणा मोठ्यांस सर्वांत कठीण जाईल असे मला वाटते. पैसे दिले, उन्हातून आलो, मूल रडते आहे, आणि वाघाने पाठ फिरविली! परंतु ज्या मुलाने वाघाचा नकार एकदा मान्य केला, ते पुढे माणसांचा नकारही मान्य करावयास शिकेल, अशी आशा धरता येते. पशूला पाठ फिरविण्याचा जेवढा अधिकार आपण देऊ, तेवढाच तो आपल्याला दिसेल. दोन्ही अंतरांची किल्ली त्या एका गोष्टीत आहे.